मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचे बाकी सगळे अवयव सरळमार्गी होते. हात शांत, नजर तीक्ष्ण, जीभ थोडी तिखट, पण तिची गावाला सवय झाली होती. वांधा होता तो उजव्या पायाचा. तो मास्तरांचंही ऐकत नसे.

दोष धंद्याचा होता. गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तर उभी हयात शिकाऊ माणसांच्या शेजारी बसले होते, आणि त्या एका ब्रेकवर त्यांनी दुधाची गाडी, शाळेची भिंत, रस्ता ओलांडणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या आणि अगणित मांजरं वाचवली होती. पुढेपुढे पायाला विचारावंच लागेना. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी जरा जोरात आला की पाय खुर्चीच्या पट्टीवर दाबला जाई. सिनेमात नायक जिन्यावरून धावत सुटला की मास्तरांच्या पुढे बसलेला माणूस मागे वळून बघे. घरी जेवताना मेव्हण्याने भलता विषय काढला की पाय टेबलाखाली पुढे जाई, आणि समोरच्या मास्तरीणबाई नडगी चोळत म्हणत, "थांबली गाडी. जेवा आता."

मास्तरीणबाईंनी स्वतः कोणाला कधी काही शिकवलं नव्हतं. सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटांना कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान होतं. रस्त्याकडे मोठी काच, काचेमागे शिलाई मशीन, मशीनखाली पायाने दाबायची पट्टी. त्यांचाही उजवा पाय दिवसभर कामावर असे. दाबला की मशीन पळे, उचलला की थांबे. तरी नवऱ्यामुळे गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणे, आणि त्या म्हणू देत.

तर अशा या मास्तरांनी विमान बांधलं होतं.

हे पहिल्यांदा ऐकणारा हमखास विचारी, कसलं, कागदाचं? आणि मास्तर हमखास चिडत, कारण उत्तर फार दूरचं नव्हतं. विमान कापडाचं होतं. आत हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून, लेप देऊन कडक केलेलं कापड, एकामागे एक दोन सीटा आणि तोंडाशी छोटं इंजिन. त्याचे नकाशे टपालाने आले तेव्हा मास्तरांचे केस काळे होते. शिकवण्या संपल्या की ते गाडीच्या शेडमध्ये शिरत आणि अंगभर भुसा घेऊन बाहेर येत. गाडी कायमची रस्त्यावर आली. पंख शेडमध्ये मावेनात म्हणून घरातल्या बोळात आले, आणि पाहुणे खेकड्यासारखे आडवे चालत न्हाणीघराकडे जाऊ लागले.

पंखाचं कापड आतल्या फासळ्यांना टाके घालून बांधावं लागतं. तिथे मास्तरीणबाई कामाला आल्या. पंख उभा केलेला, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मास्तर, आणि हातात हातभर लांब सुई. बाईंनी इकडून खुपसायची, मास्तरांनी तिकडून ओढून परत पाठवायची. आली? आली. धाडा. सगळा हिवाळा एवढंच बोलणं. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, मध्ये नुसतं ताणलेलं पांढरं कापड, त्यावर दिव्याचा उजेड आणि पलीकडच्या माणसाची सावली. लग्नानंतर इतकं नेटकं बोलणं त्या दोघांचं क्वचितच झालं होतं.

काम पुरं झालं तेव्हा मेव्हण्याने विमानाभोवती एक फेरी मारली. "ताईने शिवलंय म्हणजे टिकणार," तो म्हणाला. "पण भावजी, सोफ्याला पंख कशाला?"

विमानखात्याचे तपासनीस आले. त्यांनी बोटांनी लाकूड वाजवून पाहिलं, विजेरी घेऊन प्रत्येक सांधा पाहिला, टाके पाहून हे कोणी घातले म्हणून विचारलं आणि बाईंकडे बघून मान लववली. मग हात पुसत म्हणाले, विमान पास आहे. प्रश्न तुमचा आहे.

मास्तरांकडे विमान चालवायचा परवाना होता. तो त्यांनी मोठ्या विमानतळावरच्या शाळेतून रीतसर मिळवला होता. पण शाळेतल्या विमानांना नाकाखाली चाक असतं. ती कशीही उतरवा, गरीब गायीसारखी सरळ चालत जातात. मास्तरांच्या पायाचे सगळे गुण त्यांनी पोटात घातले होते. मास्तरांच्या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली होतं. असं विमान जमिनीला टेकलं की त्याच्या शेपटीला तोंडाच्या पुढे जायची घाई होते, आणि पायांनी सांभाळलं नाही तर ते जागच्या जागी भिंगरी घेतं. तेव्हा अशा जातीच्या विमानात जाणता शिक्षक मागे बसायला हवा, त्याने मास्तरांचं उतरणं बघायला हवं, आणि मगच सही द्यायला हवी. त्यानंतर पहिलं उड्डाण मास्तरांनी एकट्याने करावं. किंवा, तपासनीस सहज बोलून गेले, पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला उडवू द्यावं.

तो 'किंवा' मास्तरांच्या उरात काट्यासारखा रुतला. पहिली काठी रंधली त्या दिवशीच त्यांनी मनाशी ठरवलं होतं, ज्याने बांधलं त्यानेच आधी उडवायचं. आणि वेळ फार नव्हता. डॉक्टरांनी या वर्षी तब्येतीचा दाखला दिला तो नाइलाजाने. तो कोरडा हंगाम संपेपर्यंत चालणार होता. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, असं डॉक्टर म्हणाले ते त्याच आवाजात, ज्यात मास्तर स्वतः लोकांच्या जुन्या गाड्यांबद्दल बोलत.

मग शोध सुरू झाला. शाळेतल्या तरुण शिक्षकाने प्रामाणिकपणे सांगितलं की शेपटीचं चाक त्याने चित्रात पाहिलं आहे. मास्तर बस बदलत बदलत एका गृहस्थाकडे गेले, ज्याने त्याच नकाशांवरून तसंच विमान बांधलं होतं. त्याने कौतुकाने परसात नेऊन दाखवलं. विमानात कोंबड्या होत्या. मागच्या सीटवर एक तर अंडी उबवत होती. कोणीतरी एका निवृत्त वैमानिकाचा पत्ता दिला. त्यांनी मास्तरांना दुपारभर समोर बसवून टेबलावरच्या कपबश्या उडवून दाखवल्या, वाऱ्यावादळात उतरवल्या, आणि उन्हं कलल्यावर सांगितलं की मान वळत नसल्यामुळे त्यांनी विमानात पाय ठेवल्याला जमाना लोटला. ती मान वळत नाही हे मास्तरांना आधीच दिसायला हवं होतं. अख्खी दुपार ते गृहस्थ खिडकीशी बोलत होते.

शेवटी मेव्हण्याने एक माणूस आणला. काळा चष्मा, कातडी जाकीट, शेकहँड असा की बोटं मोजून घ्यावीत. तो नवी विमानं पहिल्यांदा उडवून द्यायचं काम घेत असे. शिकवायला त्याला सवड नव्हती. त्याने विमानाच्या नाकावर थाप मारली आणि म्हणाला, "काका, कशाला जिवाला घोर? मी उडवून देतो. तुम्ही आपले खुर्ची टाकून बसा आणि बघा."

त्या रात्री मास्तर जेवताना एक शब्द बोलले नाहीत. पाय मात्र दोनदा बोलला. मास्तरीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "त्या पिवळ्या विमानाला का नाही विचारत?"

पिवळं विमान म्हणजे माळावरचं. तिथे बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्यांचा अड्डा होता, आणि हे पिवळं विमान दोरी बांधून त्यांना आभाळात ओढून नेई. मास्तर शिकवताना गाडीच्या काचेतून त्याला वर्षानुवर्षं बघत आले होते. शेपटीला चाक. गवतावर उतरायचं तर असं, जणू कोणी झोपलेल्या पोराला गादीवर ठेवतंय. कोण असेल तो गडी, असं त्यांनी कितीदा तरी मोठ्याने म्हटलं होतं.

"गडी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आत्या आहे."

माळाच्या मालकाची आत्या म्हणून ती सगळ्यांचीच आत्या. सायकलवर फिरे. पिवळ्या विमानाच्या गाद्या फाटल्या तेव्हा बाईंनीच नव्या शिवून दिल्या होत्या. इतकी वर्षं हे घरात कसं कळलं नाही, असं मास्तरांनी विचारलं तर बाई म्हणाल्या, "तुम्ही गडी कोण म्हणून विचारत होता. आत्या कोण म्हणून विचारलं असतं तर सांगितलं असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, इथवर ठीक होतं. पण मास्तरांचा चेहरा पडला तो वेगळ्या कारणाने. या आत्या फार पूर्वी त्यांच्याकडे गाडी शिकायला आल्या होत्या. एक टपालपेटी आडवी झाल्यावर मास्तरांनी त्यांना गाडीतून उतरवून भर रस्त्यात सांगितलं होतं, "बाई, तुम्हाला यंत्राची जाण नाही. सायकल बरी."

दुसऱ्या दिवशी मास्तर माळावर गेले. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना चांगलं जमत असे, म्हणून आधी हवेबद्दल बोलले, मग गवताबद्दल, मग गाद्यांची शिवण उसवली का याची चौकशी केली. आत्या इंजिनाखाली उताण्या पडून तेल गाळत होत्या. फक्त बूट दिसत होते.

"वाट चुकलात का मास्तर?" बुटांनी विचारलं. "इथे यंत्राची जाण नसलेली माणसं राहतात."

मास्तरांनी गिळायचं ते गिळलं आणि सगळं सांगितलं. आत्या बाहेर आल्या. बारीक अंगलट, पिकलेले आखूड केस, आणि एकदा सुरू झाली की इंजिनाआधी न थांबणारी जीभ. त्यांनी आपलीही अडचण मांडली. गुडघे सायकलला नाही म्हणू लागले होते, आणि माळावरून जाणारी एकुलती बस बंद झाली होती. गाडी चालवता आली नाही तर विमान सुटणार. तेव्हा सौदा सरळ होता. सकाळी त्यांनी मास्तरांना शिकवायचं, संध्याकाळी मास्तरांनी त्यांना. "आणि यावेळी," आत्या म्हणाल्या, "टपालपेटी मध्ये आणायची नाही."

सकाळी मास्तर पिवळ्या विमानात पुढे बसले, आत्या मागे. पायाखाली दोन पट्ट्या. डावी दाबली की विमान डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे, आणि पट्टीच्या वरच्या कडेवर चवडा दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक. टाचा खाली टेकलेल्या ठेवा, आत्यांनी बजावलं, चवड्यांना इथे काही काम नाही. मग त्यांनी कानातल्या यंत्रातून बोलायला सुरुवात केली ती थांबल्याच नाहीत. भाच्याने कुंपणाचा खांब कसा चुकीचा रोवला, गुडघ्याला कोणता शेक बरा, समोरचा ढग का लबाड आहे, आणि या सगळ्यात मोती ओवल्यासारखं मध्येच, टाच खाली, नाक वर, हां, असंच. वर आभाळात मास्तर झकास चालवत होते. खाली आले. चाकं गवताला टेकली. कानात आत्या म्हणाल्या, "सरळ धरा," आणि मास्तरांचा उजवा पाय, ज्याने दुधाची गाडी आणि शाळेची भिंत वाचवली होती, तो धाडकन खाली गेला.

पिवळ्या विमानाने उजवीकडे भिंगरी घेतली. आत्यांनी मागून सावरलं. विमान ज्या दिशेने आलं होतं त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं.

"परत जायचंय का?" आत्यांनी विचारलं.

संध्याकाळी मास्तर आपल्या राज्यात होते. त्यांनी आत्यांना गाडीत बसवलं, स्टिअरिंग हातात दिलं आणि डावीकडे वळायला सांगितलं. आत्यांनी डावा पाय दाबला. विमानात तसं करायचं असतं. गाडीत डाव्या पायाखाली क्लच असतो, त्यामुळे गाडी सगळ्या जबाबदारीतून मोकळी होऊन सरळ उतारावर निघाली. हात फिरवा, मास्तर म्हणाले, पाय नाही. आत्यांना पटलं. पुढच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. आत्यांनी उजवा पाय दाबला. गाडी उजवीकडे गेली नाही. ती होती तशीच सरळ, पण दुप्पट वेगाने, बेकरीच्या दाराकडे निघाली. मास्तरांच्या पायाने बेकरी वाचवली. आत पाव रचत असलेला माणूस मास्तरांना बघून हात हलवून परत कामाला लागला. त्याच्या दाराशी मास्तरांच्या गाड्या थांबायची त्याला सवय होती.

असं चाललं. सकाळी मास्तर भिंगऱ्या खात, संध्याकाळी आत्या पायांनी गाव वळवू बघत. आत्या हळूहळू सुधारल्या, म्हणजे निदान हात वापरू लागल्या. मास्तरांचं मात्र पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी बूट बदलून पाहिले. अनवाणी पाहिलं. आत्यांनी पाय पट्टीला बांधून ठेवायचाही विचार केला आणि मग आग लागली तर, असं म्हणून सोडून दिला. मास्तर रात्री पलंगावर पडल्यापडल्या टाचा टेकवायचा सराव करत, आणि झोप लागली की पाय पलंगाची चौकट दाबी. माळावर बिनइंजिनाची मंडळी खुर्च्या मांडून मास्तरांचं उतरणं बघायला बसू लागली. भिंगरी किती वेढ्यांची होणार यावर ती आपसात पैजा लावत.

हंगाम संपत आला. एका सकाळी विमान भिंगरी घेऊन कुंपणाला खेटून थांबलं, तेव्हा आत्यांनी इंजिन बंद केलं आणि पहिल्यांदाच क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही उडवता छान. पण सही मी देणार नाही. तुमच्या बायकोच्या हातच्या गाद्यांवर बसते मी रोज, उद्या काही झालं तर तिला काय तोंड दाखवू?"

मास्तर म्हणाले, बरोबर आहे. घरी येऊन त्यांनी मेव्हण्याला सांगून टाकलं, चष्मेवाल्याला कळव. शेवटच्या रविवारी ये म्हणावं. विमानाचे पंख उतरवून ते ट्रकने माळावर गेलं, तिथे परत जोडलं गेलं, आणि मास्तर ते झाकून, मागे न बघता घरी आले. बोळ रिकामा झाला होता. लोक सरळ चालत न्हाणीघराकडे जाऊ लागले, आणि मास्तर मात्र सवयीने अजून आडवेच जात होते.

त्या संध्याकाळी आत्यांची शिकवणी मास्तरांनी चुकवली नाही, कारण सौदा तो सौदा. मास्तरीणबाईंना आत्यांच्या गुडघ्यासाठी केलेली उशी पोचवायची होती, म्हणून त्याही मागच्या सीटवर बसल्या. आणि मागे बसून त्यांनी ते पाहिलं, जे पुढे बसणाऱ्याला कधीच दिसलं नव्हतं. आत्या बऱ्या चालवत होत्या. वळणं घेत होत्या, वेळेवर थांबत होत्या. पण त्या थांबायच्या जरा आधी मास्तरांचा पाय खाली जाऊन आलेला असे. आत्या तोंडाने भाच्याचा खांब सांगत, आणि शब्दागणिक मास्तरांचा पाय दचके.

आत्यांना सोडल्यावर मास्तर स्वतः चालवायला बसले. बाई मागेच गप्प बसून राहिल्या. एक कुत्रं आडवं आलं. मास्तरांनी ते लोण्यातून सुरी जावी तसं चुकवलं. एक मुलगी सायकल घेऊन मध्ये घुसली. मास्तर अलगद थांबले, अलगद निघाले. पाय अगदी शहाण्यासारखा. मग रस्ता पूर्ण मोकळा असताना बाई म्हणाल्या, "अहो, उद्या सुया आणायच्यात."

गाडी करकचून थांबली. बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. ते कव्हर त्यांनीच शिवलेलं होतं, चांगलं मऊ होतं.

बाईंनी कपाळ चोळलं, जरा वेळाने पुन्हा काहीतरी बोलून पाहिलं, आणि पुन्हा कपाळ चोळलं. खात्री पटल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या पायाला ब्रेकची सवय नाहीये. माणसाची आहे. जवळ बसून कोणी बोललं, की हा आता कुठेतरी धडकणार असं धरून चालतो तो. एकट्याने गाडी चालवताना तुम्ही कधी दाबलाय का उगाच?"

मास्तरांनी गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. इतकी वर्षं माणसं शेजारी बसवून घेतली, शिकवलं, सोडलं. एकावरही पायाचा विश्वास बसला नव्हता. हे ऐकायला बरं वाटण्यासारखं नव्हतं, आणि सांगणारी मागच्या सीटवर होती म्हणून बरं, तोंड दिसत नव्हतं.

"पंख शिवताना बोलत होतो की आपण," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा नाही दाबला."

"तेव्हा मी तेवढंच बोलत होते, जेवढं लागत होतं."

उपाय सोपा होता, पण औषध आत्यांना प्यायचं होतं. मास्तरीणबाईंनी सकाळीच माळावर जाऊन सांगितलं, आज विमानात एक अक्षर बोलायचं नाही. आत्या म्हणाल्या, त्यापेक्षा मी पंखावर बसून येते. बराच वेळ खल झाला. आत्यांनी उलटी अट घातली की मग संध्याकाळी मास्तरांनीही आपल्या ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, सीटवर मांडी घालून बसायचं. मास्तरांच्या अंगावर काटा आला. पण दोघांनी मान्य केलं, दोघेही आजारी दिसत होते.

विमान उडालं. कानात नुसती घरघर. मास्तर वर गेले, वळले, खाली माळ हिरवट तपकिरी पसरलेला, त्यावर खुर्च्या मांडून बसलेली मंडळी मुंग्यांएवढी. ती शांतता त्यांना आधी टोचली, मग सैल झाली, मग ते तिला विसरले. शेपटी जराशी डावीकडे जाऊ लागली, पायाने ती परत आणली. आली? आली. धाडा. चाकं गवताला टेकली आणि विमान पळत राहिलं, सरळ, सरळ, आणि थांबलं. खुर्च्यांवरची मंडळी निराश होऊन उठू लागली.

मागून काहीच आवाज येईना. मास्तर घाबरून वळले. आत्या दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी.

पुढच्या सगळ्या सकाळी तशाच गेल्या, आणि आत्यांनी सही दिली. संध्याकाळी मास्तर आपल्या सीटवर मांडी घालून, घट्ट मिटल्या डोळ्यांनी, डबक्यात बसलेल्या बेडकासारखे बसले आणि आत्यांनी गाव पालथं घातलं. बेकरीवाला दारात येऊन बघत राहिला. गाडी थांबलीच नाही.

रविवारी चष्मेवाला ठरल्याप्रमाणे आला. आता येऊ नको, हा निरोप मेव्हण्याच्या तोंडून जायचा राहिला होता, किंवा मेव्हण्याने तो ठेवून घेतला होता, काय होतंय बघायला. मास्तरीणबाईंनी त्याच्यासाठी खुर्ची टाकली. नवं कव्हर होतं. "बसा," त्या म्हणाल्या, "आणि बघा."

मास्तर एकटेच आत चढले. मागची सीट रिकामी. पट्टा आवळताना त्यांचा हात पंखाच्या कापडावरून गेला. टाके एका रांगेत, एका अंतराने, त्यातला प्रत्येक दोघांच्या हातून गेलेला. इंजिन लागलं. गवत मागे पडायला लागलं, शेपटी उचलली गेली, पण चाकं खालीच. विमान पळतंय, पळतंय, समोर कुंपण मोठं होतंय. जड झालं का, लाकूड जास्त लागलं का, लेप जाड बसला का, असे सगळे हिवाळे डोक्यातून गेले. आणि मग खडखड थांबली. एवढंच झालं. चाकांची खडखड थांबली आणि मास्तरांना कळलं की आपण बांधलेल्या वस्तूखाली आता काही नाही.

त्यांनी माळाभोवती एक फेरी घातली. गाव दिसलं, आपलं छप्पर दिसलं, बेकरीचं धुराडं दिसलं. मग उतरले. टेकणं गुळगुळीत, धावणं सरळ. पाय ऐकत होता. तो इतका ऐकत होता की विमान माळाच्या टोकाला आलं तरी तो टाच टेकवून बसला होता, आणि मास्तरही. विमान धावपट्टीच्या पलीकडच्या न कापलेल्या उंच गवतात शिरलं आणि कुंपणाच्या हातभर अलीकडे आपलं आपण थांबलं.

सगळे धावत गेले. मेव्हणा सगळ्यांत आधी पोचला. "भावजी," तो धापा टाकत म्हणाला, "जन्मभर भलत्या जागी दाबला. इथे लावायचा होता ब्रेक."

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते गवताकडे बघत होते, कारण त्यातून मास्तरीणबाई येत होत्या आणि त्या लंगडत होत्या. उजवी चप्पल मातीने भरली होती. मास्तरांनी विचारलं, लागलं का. बाई म्हणाल्या, लागलं नाही, दुखतोय, दाबून दाबून. विमान धावताना त्या जिथे उभ्या होत्या तिथे गवतात चांगली खळी पडली होती.

मास्तरांना गंमत वाटली. "म्हणजे तुझाही पाय ब्रेकवर?"

"ब्रेकवर कशाला?" मास्तरीणबाई चप्पल झटकत म्हणाल्या. "माझ्या मशीनवर पाय दाबला की ते पळतं. विमान वर उठेना, तेव्हा दाबत होते."

मागून आत्या आल्या. पोटात साठलेलं सगळं घेऊन आल्या होत्या, आणि आता त्यांना बोलायची परवानगी होती.